अठ्ठ्याऐंशी नंबरची बाटली

"ट्रफल हा शब्द आधी खोडा," उगारे मॅडम म्हणाल्या.

मी वहीत तेवढंच लिहिलं होतं: ट्रफल म्हणजे काय. वर तारीख, शुक्रवार, १७ एप्रिल २००९. वेळ, सकाळचे अकरा वीस.

"संपादकांनी मथळा देऊनच पाठवलंय, मॅडम."

"मग मथळ्यात ठेवा, मजकुरात खोडा. खरं ट्रफल फ्रान्स-इटलीत ओकच्या मुळाशी होतं. कुत्री हुंगून काढतात. ते त्या बुरशीचं फळ असतं. तुम्ही विचारताय ते फळ नव्हे."

तेव्हा मी कोल्हापूरच्या एका दैनिकात होतो. हॉलंडनं आदल्या डिसेंबरात नशेच्या अळंब्यांवर बंदी घातली होती, पण त्याच बुरशीच्या जमिनीखालच्या गाठी कायद्यातून सुटल्या होत्या. बाजारात त्यांना ट्रफल म्हणत. रविवार पुरवणीला त्यावर चारशे शब्दांची चौकट हवी होती, सहा वाजेपर्यंत. शहरात बुरशीबद्दल विचारावं असं एकच माणूस होतं. डॉ. निर्मला उगारे, एका जुन्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागप्रमुख.

"फळ नव्हे, मग काय?"

"बेगमी." त्यांनी माझ्या वहीकडे बोट दाखवलं. मी लिहायला लागेपर्यंत त्या थांबल्या. "छत्री दिसते ती बुरशी नव्हे. बुरशीचं अंग म्हणजे जमिनीतले पांढरे तंतू, केसापेक्षा बारीक. ओल आहे, अन्न आहे, तोवर ते पसरत जातात. अन्न संपत आलं, माती सुकायला लागली, की काही जाती पसरणं थांबवतात. तंतू एका जागी ओढून घेतात, एकमेकांत घट्ट गुंफतात, असेल ते अन्न आत कोंबतात, पाणी कमी करतात आणि वरून साल कडक करून घेतात. त्या गाठीला स्क्लेरोशियम म्हणतात. वरून वणवा जाऊ दे, दुष्काळ जाऊ दे, आत जीव धरून बसते. पुन्हा ओल आली की तीच गाठ तंतू सोडते. कधी छत्रीही."

"आणि नशा?"

"छत्रीत असतं तेच द्रव्य गाठीत असतं. सायलोसायबिन. पण ते मोजक्या जातींत. गाठी करणाऱ्या बाकीच्या जातींना नशेशी काही घेणं नाही. तुमच्या गावाकडं भुईमूग असेल."

"आहे."

"खोडकूज झालेलं रोप उपटलंय? मुळाशी मोहरीसारखे दाणे असतात बघा. तीच युक्ती, लहान मापात."

"तुम्ही कधी चाखलंय का? ते नशेचं?"

"मी जैन आहे, हेरवाडकर. जमिनीखालचा बटाटासुद्धा खात नाही. नोकरी मात्र बुरशीत गेली. मी नेमकं काय शिकवते, ते आमच्या आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही."

आम्ही बसलो होतो त्या खोलीत तीन भिंतींना कपाटं होती आणि कपाटांत एक हजार एकशे चाळीस बाटल्या. प्रत्येकीत एक बुरशी, अंगठ्याएवढ्या पारदर्शक खळीवर वाढवलेली. ठरावीक महिन्यांनी प्रत्येक बुरशी ताज्या अन्नावर, नव्या बाटलीत हलवावी लागते, नाहीतर मरते. मॅडमचे गुरू पाटगावकर सर यांनी हा संग्रह सुरू केला. ते वारल्यावर मॅडमनी चालवला. आता सोमवारी दिल्लीची समिती येणार होती. तिनं मान्यता दिली तर संग्रह राहणार, नाहीतर खोली कॉम्प्युटर लॅबला जाणार. मॅडम जूनअखेर निवृत्त होत होत्या. त्यांच्या टेबलावर समितीसाठी केलेल्या फायली एकावर एक रचलेल्या होत्या. वरच्या फायलीवर त्यांनी स्वतः पट्टीनं रेघा मारल्या होत्या.

"दस्तगीर," त्यांनी हाक मारली, "मागच्या कपाटातली भुईमुगाची बाटली आणा. यांना दाणे दाखवू." पदराला लावलेल्या जुडग्यातली एक किल्ली काढून त्यांनी त्याला दिली.

दस्तगीर मुल्ला प्रयोगशाळेतला परिचर. पन्नाशीला टेकलेला, बारीक, खाकी शर्टाची वरची गुंडी लावलेला. तो किल्ली घेऊन निघाला तसा दारात उभा असलेला भांडारपाल लोहार म्हणाला, "बाटली सांभाळ रं दस्तगीर."

दस्तगीर हसला. ते हसणं सवयीचं होतं.

मी मॅडमकडं बघितलं. त्याही थोड्या हसल्या. "जुनी गोष्ट आहे. शहाऐंशी साली सरांना दाजीपूरच्या जंगलात एक बुरशी सापडली होती. दोनशे सहा नंबर. कुठल्याच पुस्तकात नव्हती. सर तिला नाव देणार होते. बाटली एकच होती, ती दस्तगीरच्या हातून गेली. फुटली असणार. त्यानं कबूल केलं नाही. सरांनी त्याला सहा वर्षं बागेत पाठवलं. परत आला तेव्हा सरांनी एकच अट घातली, किल्ली याच्याकडं राहायची नाही."

"आणि ती बुरशी?"

"पुन्हा सापडली नाही. सर दर पावसाळ्यात जात होते. मी पहिल्या वर्षाच्या मुलांना दर वर्षी हेच सांगते, एक बाटली गेली की एक जात जाऊ शकते."

"दस्तगीरसमोर?"

"तो दारातच असतो," मॅडम म्हणाल्या. मग समितीच्या फायलीचा कोपरा उगाच सरळ केला.

दस्तगीर परत आला तेव्हा त्याच्या हातात दोन बाटल्या होत्या. एक त्यानं माझ्यासमोर ठेवली. तळाशी खरोखर मोहरी पसरल्यासारखी दिसत होती. दुसरी त्यानं मॅडमसमोर ठेवली आणि दोन पावलं मागं सरकला.

"ही मागं मेलेल्यांच्या स्टँडला होती, बाई."

सुकलेल्या, मेलेल्या बाटल्या फेकायच्या आधी एका लाकडी स्टँडमध्ये जमा करत, त्याला त्यांच्यात मेलेल्यांचा स्टँड म्हणत. मॅडमनी बाटली उजेडात धरली. खळ आक्रसून काचेला पापुद्र्यासारखी चिकटली होती. तिच्यावर गाठी बसल्या होत्या. काही चिंचोक्याएवढ्या, एक सुपारीएवढी. पिवळट तपकिरी, सुरकुतलेल्या.

त्यांनी भिंग घेतलं. लेबलावरची शाई उडाली होती, पण नंबर राहिला होता. अठ्ठ्याऐंशी. त्यांनी तो वाचला, बाटली फिरवली, पुन्हा वाचला.

"किती वाजले?"

"अकरा एक्कावन्न."

"लिहून ठेवा." मग त्यांनी कपाटातून एक लांबट, कापडी पाठीची नोंदवही काढली आणि पानं उलटायला लागल्या. "तुम्हाला बघायचं होतं ना ट्रफल? हे. हात लावू नका."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा पेन हातात होतं आणि मी काही लिहीत नव्हतो.

"ऐंशी साली सरांनी युरोपातल्या एका प्रयोगशाळेशी बाटल्यांची अदलाबदल केली होती," त्या नोंदवहीतून डोकं न काढता बोलत होत्या. "तेव्हा सगळेच करत. चार बाटल्या या जातीच्या आल्या, नंबर शहाऐंशी ते एकोणनव्वद. पुढं अमली पदार्थांचा कायदा झाला. सरांनी ठरवलं, नष्ट करायच्या. चौदा नोव्हेंबर एकोणीसशे शहाऐंशी. ही नोंद. चारही बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये, त्या दाबाच्या वाफेच्या भांड्यात, नष्ट." त्यांचं बोट ओळीच्या शेवटाला गेलं. "समक्ष, नि. उगारे."

"म्हणजे तुम्ही."

"मी."

ती बाटली तेवीस वर्षं अंधारात उभी होती. कागदावर ती नव्हतीच, त्यामुळं कुणी तिला ताजं अन्न दिलं नव्हतं, आणि म्हणूनच तिच्यात गाठी झाल्या होत्या. सांभाळली असती तर झाल्या नसत्या. हे मॅडमनी मला समजावून सांगितलं, अगदी वर्गात सांगावं तसं. आवाजात फरक नव्हता. फक्त त्या बोलत असताना त्यांचं बोट वहीतल्या त्या ओळीवरून खाली सरकलं, तीन-चार ओळी खाली, सतरा नोव्हेंबरवर, आणि तिथं थांबलं. मग त्यांनी वही मिटली.

"दस्तगीर, हा स्टँड तेव्हा कुठं असायचा?"

"हितंच, तुमच्या टेबलावर. सरांनी मागनं कपाटात ढकलला. म्हणाले, डोळ्यांसमोर नको."

बाहेर घंटा झाली, पोरं जिन्यावरून उतरली.

दस्तगीर पुढं आला. "ऑटोक्लेव्ह तापलेलाच हाय, बाई. सकाळची काच आत घालायचीच हाय मला. त्यात टाकतो. वीस मिनटांत काम होतंय."

मॅडमनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, मी काहीतरी मोठं करतोय.

"मॅडम, मी भुईमुगाची बाटली बघितली. दुसरी बघितली नाही."

"बघितलीत," त्या म्हणाल्या. "अकरा एक्कावन्नला. टोपण काढा."

त्यांनी फोन उचलला आणि आधी प्राचार्यांना बोलावून घेतलं.

प्राचार्य सरनोबत पाच मिनिटांत आले. उंच, घाईचा माणूस, पण वाईट नव्हे. समितीसाठी दिल्लीला तीन खेपा त्यांनीच घातल्या होत्या. त्यांनी सगळं उभ्यानं ऐकलं, दार लावून घेतलं आणि खुर्ची ओढून बसले.

"हे पत्रकार आहेत?"

"आहेत," मॅडम म्हणाल्या.

"बरं." त्यांनी माझ्याकडं दुर्लक्ष करायचं ठरवलं. "उगारे मॅडम, तेवीस वर्षं झाली. ते मेलेलं असणार."

"असेल. जिवंत आहे की नाही हे बघायचं तर मला वाढवावं लागेल. तो गुन्हा होईल."

"तुम्हाला बघावंसं वाटत नाही?"

"फार वाटतं," मॅडम म्हणाल्या. "तेवीस वर्षं टिकलेली गाठ मी ऐकलेली नाही. म्हणून तर बाटली टेबलाच्या त्या टोकाला ठेवलीय."

"मग नष्ट करून टाका."

"नष्ट केल्याची नोंद झालेली आहे, सर. दुसऱ्यांदा कशी करू?"

सरनोबतांनी कपाळावरचा घाम पुसला. "मी तुमच्याच बाजूनं बोलतोय. पोलिस आले की ही खोली सील होणार. एप्रिल महिना आहे. पंखा बंद, एसी बंद, तुम्हाला आत जाता येणार नाही. पंधरा दिवसांत निम्म्या बाटल्या मरतील. सोमवारी समितीला काय, लाखेचं सील दाखवायचं? पाटगावकर सरांचं सगळं आयुष्य आहे हे. तुमचंही. एका सुकलेल्या बाटलीपायी?"

"माहीत आहे."

"वर तुमची चौकशी लागेल. जूनमध्ये निवृत्ती आहे तुमची."

"तेही माहीत आहे."

"मग कशासाठी? कायद्याला तुमच्यावाचून अडलेलं नाही. कुणाचं काय नुकसान होणार आहे, ही बाटली गुपचूप नष्ट केली तर?"

मॅडम उत्तर देणार होत्या. त्यांची नजर दाराशी गेली. दस्तगीर तिथं उभा होता, भुईमुगाची बाटली दोन्ही हातांत धरून.

"ते मी जबाबात सांगेन," त्या म्हणाल्या आणि फोन लावला.

निरीक्षक जमदाडे दोन चाळीसला दोन हवालदार घेऊन आले. अमली पदार्थांच्या पथकात त्यांची सात वर्षं झाली होती. गांजा, गर्द, खोकल्याची औषधं सगळं त्यांनी धरलं होतं. स्वतःहून फोन करणारा आरोपी मात्र पहिलाच, असं ते मला व्हरांड्यात म्हणाले. आत येऊन त्यांनी बाटलीकडं वाकून बघितलं.

"ही? आमच्या आईच्या डब्यात सुंठ असते, तशी दिसतीय."

"तशीच दिसते," मॅडम म्हणाल्या. "म्हणून लेबल असतं."

पंचनाम्याला दोन पंच हवे होते. एक लोहार झाला. दुसरा मिळेना, सुट्टीचा दिवस नसूनही कर्मचारी एकाएकी नाहीसे झाले होते.

"पत्रकार चालतो का?" जमदाड्यांनी विचारलं.

"वाचता येतं त्यांना," मॅडम म्हणाल्या. "चालेल."

मी ऑफिसला फोन करून सांगितलं की पुरवणीची चौकट होत नाही, बातमी होतेय, सात वाजता देतो. मुख्य उपसंपादकानं विचारलं, कसली. मी म्हटलं, अजून पूर्ण झालेली नाही.

जमदाड्यांनी बाटली पाकिटात घातली, लाख लावली, सह्या घेतल्या आणि खोली सील करायला निघाले. तेव्हा मॅडमनी त्यांना अडवलं.

"सील करा. पण आधी बाकीच्या वाचून घ्या."

"कशाच्या?"

"बाटल्यांच्या. एक हजार एकशे चाळीस आहेत. एक नोंद खोटी निघाली म्हणजे बाकीच्या खऱ्या आहेत हे तुम्ही माझ्या शब्दावर का मानावं? तुमचा माणूस प्रत्येक बाटलीचं लेबल मोठ्यानं वाचेल, मी नोंदवहीत बघेन, पंच खूण करतील."

"मॅडम, संध्याकाळ होईल."

"होईल."

जमदाड्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. माझ्या मते त्याच क्षणी ते मॅडमच्या बाजूला गेले, जरी पुढं त्यांनी एकही नियम सोडला नाही.

तीन दहाला सुरुवात झाली. एक हवालदार बाटली उचलायचा, दुसरा नंबर आणि नाव वाचायचा. लॅटिन नावं त्यानं पहिल्या शंभरांत अडखळत वाचली. नंतर त्याला लय सापडली. एकदा तो म्हणाला, "ही तर आमच्या सोसायटीच्या तूरडाळीवर येती," आणि मॅडम म्हणाल्या, "बरोबर ओळखलंत, तीच आहे." दस्तगीर वाचून झालेली बाटली जागेवर ठेवायचा, प्रत्येक वेळी लेबल पुढं करून. कुणी त्याला तसं सांगितलेलं नव्हतं. चारशे वीस, सातशे, नऊशे एक्क्याऐंशी. पावणेसहाला शेवटची झाली. एक हजार एकशे चाळीस बाटल्या, एक हजार एकशे चाळीस नोंदी. चूक निघाली नाही.

मग जबाब. हवालदार लिहायला बसला, मॅडम उभ्यानं सांगत होत्या. मी शब्दशः उतरवून घेत होतो, ती वही अजून माझ्याकडं आहे.

त्यांनी अदलाबदलीचं वर्ष सांगितलं, चार नंबर सांगितले, तारीख सांगितली. "त्या दिवशी चारही बाटल्या माझ्या टेबलावरच्या स्टँडमध्ये ठेवलेल्या होत्या. लेबलं मागच्या बाजूला होती. मी चार बाटल्या मोजून उचलल्या आणि ऑटोक्लेव्हमध्ये ठेवल्या. लेबलं वाचली नाहीत. नोंदवहीत नष्ट केल्याची सही केली."

"झालं," जमदाडे म्हणाले. "सही करा."

"झालं नाही. पुढं लिहा. अठ्ठ्याऐंशी नंबरची बाटली आज मिळाली, म्हणजे मी नष्ट केलेल्या चारांपैकी एक दुसरीच होती. त्या दिवशी त्याच स्टँडमध्ये दोनशे सहा नंबरची बाटली होती. नवीन अन्नावर हलवण्यासाठी काढलेली. सतरा नोव्हेंबरला ती नाहीशी असल्याची नोंद आहे. दुसरी कुठलीही बाटली त्या आठवड्यात नाहीशी झालेली नाही."

हवालदाराचं पेन थांबलं. तो साहेबांकडं बघायला लागला.

"मॅडम," जमदाडे म्हणाले, "दोनशे सहा अमली पदार्थ होता का?"

"नाही. दाजीपूरची साधी बुरशी होती."

"मग तिचा या गुन्ह्याशी संबंध काय? उगाच जबाब वाढतो."

"गुन्हा तोच आहे. लिहा. दोनशे सहा नंबरची बाटली परिचर दस्तगीर बाबालाल मुल्ला यांनी हरवली किंवा फोडली नव्हती. ती मी लेबल न वाचता नष्ट केली. त्याबद्दल त्यांना सहा वर्षं बागेत काम करावं लागलं. तेवीस वर्षं त्यांच्याकडं कपाटाची किल्ली ठेवू दिली गेली नाही. आणि ती गोष्ट मी दर वर्षी विद्यार्थ्यांना त्यांच्यादेखत सांगत आले. नाव पूर्ण लिहा, वडिलांच्या नावासकट."

प्राचार्य खिडकीशी उभे होते. लोहार पंच म्हणून बाकावर बसला होता. त्याची मान खाली होती. जबाबावर त्यालाही सही करायची होती. ती त्यानं फार सावकाश केली.

दस्तगीर दाराशीच होता. हवालदारानं सगळं वाचून दाखवलं तेव्हा त्यानं मध्येच हात थोडा वर केला, वर्गात करतात तसा.

"साहेब, ती शेवटची वाक्यं परत एकदा वाचा."

हवालदारानं वाचली. दस्तगीरनं ऐकली. मग तो खोलीतल्या खिडक्या एकेक करून लावायला लागला, कारण आता सील होणार होतं.

पुढं काय झालं ते सांगून टाकतो. खोली एकोणीस दिवस बंद होती. समिती सोमवारी आली, लाखेचं सील बघून गेली. मॅडमना कारणे दाखवा नोटीस निघाली. बाटल्या वाचून-मोजून केलेला पंचनामा न्यायाधीशांसमोर गेला तेव्हा त्यांनी खोली उघडायचा आदेश दिला आणि मॅडमवर गुन्हा दाखल झाला नाही. एकशे सहासष्ट बुरशा मेल्या. उरलेल्या मॅडमनी आणि दस्तगीरनं मे महिन्याच्या उकाड्यात, चोवीस दिवसांत नव्या अन्नावर हलवल्या. समिती दीड वर्षानं पुन्हा आली आणि मान्यता मिळाली, पण तेव्हा मॅडम निवृत्त झालेल्या होत्या. अठ्ठ्याऐंशी नंबरची बाटली कोर्टाच्या आदेशानं नष्ट झाली. गाठी जिवंत होत्या का, हे कुणालाच कळलं नाही.

त्या संध्याकाळी सहा वीसला मी कॉलेजच्या फाटकाशी मोटरसायकल काढत होतो. दस्तगीर सायकल घेऊन बाहेर पडला. मी त्याला थांबवलं. मला एक गोष्ट जुळत नव्हती.

"दस्तगीरभाई, बाटली हातात घेतली तेव्हाच तुम्हाला कळलं होतं का? दोनशे सहाचं?"

"कळलं की. अठ्ठ्याऐंशी वहीत नष्ट झालेली, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी ऑटोक्लेव्ह मीच लावलेला."

"मग ऑटोक्लेव्हला टाकतो म्हणालात ते?"

त्यानं सायकलचं पायडल सरळ केलं. "सोमवारी कमिटी हाय न्हवं," तो म्हणाला. "बाईंनी एवढं सगळं मांडलेलं."

मी ऑफिसला पोचलो तेव्हा सात वाजत होते. तीनशे ऐंशी शब्द लिहिले. मुख्य उपसंपादकानं वाचून सांगितलं, नशेच्या बाटलीचं ठीक आहे, ते दोनशे सहा आणि शिपायाचं प्रकरण काढ, वाचकाला त्यात काय? मी म्हटलं, बघतो. आमच्याकडं जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. म्हणून दस्तगीरचं पूर्ण नाव असलेलं वाक्य मी उचलून पहिल्या परिच्छेदात, महाविद्यालय आणि तारीख यांच्यामध्ये, असं विणलं की ते काढायचं तर बातमीच पुन्हा लिहावी लागली असती. सव्वाआठला पान गेलं. पुन्हा लिहायला कुणाला वेळ नव्हता.

शनिवारी सकाळी सातला घरी फोन आला.

"उगारे बोलतेय. बातमी वाचली. नावं बरोबर आहेत, तारखा बरोबर आहेत. एक चूक आहे."

मी वही शोधायला लागलो.

"पहिला परिच्छेद, चौथी ओळ. ती बाटली माझ्याकडून अनवधानानं नष्ट झाली, असं तुम्ही लिहिलंय. मी तसं म्हटलं नव्हतं."

मला माहीत होतं. तो शब्द मी जाणूनबुजून घातला होता. सबंध दिवस त्यांना बघितल्यावर मला त्यांच्यासाठी एवढंच करता येण्यासारखं वाटलं होतं.

"मॅडम, अर्थ तोच होतो."

"होत नाही. अनवधानानं म्हटलं की ते कुणाच्याही हातून होतं. बाटल्या फिरवल्या असत्या तर लेबलं समोर होती. दस्तगीर इथं घरी आलाय, तोही म्हणतोय राहू दे. मी त्याला नाही म्हटलं. तुमच्याकडं दुरुस्ती छापतात ना?"

"छापतो."

"मग छापा."

नोकरीच्या चौतीस वर्षांत माझ्या बातमीची एकच दुरुस्ती छापून आली. रविवार, १९ एप्रिल, पान दोन, डावीकडं खाली:

"शनिवारच्या अंकात दोनशे सहा क्रमांकाची बाटली डॉ. निर्मला उगारे यांच्याकडून अनवधानाने नष्ट झाली, असे प्रसिद्ध झाले आहे. ती त्यांनी लेबल न वाचता नष्ट केली, असे वाचावे."